बॅकएंड डिझाइनमधली ‘खोली’ म्हणजे नेमके काय, आणि ती मिळवावी कशी?

धागाकर्ता

नमस्कार.

मी सहा वर्षांपासून बॅकएंड (वापरकर्त्याला न दिसणाऱ्या, सर्व्हरच्या बाजूचा) अभियंता म्हणून काम करतो आहे. या काळातले माझे बहुतेक काम ऑर्डर स्वीकारणाऱ्या एकाच सेवेभोवती झाले आहे: तिचे एपीआय (इतर प्रोग्रामनी तिला विनंती करण्याचे ठरलेले मार्ग), तिच्यामागचा पोस्टग्रेस डेटाबेस आणि तिच्याकडून इतर सेवांना जाणारे मेसेज. सोपवलेले काम मी वेळेत पूर्ण करतो, माझ्या कोडमध्ये फारशा चुका निघत नाहीत आणि टीममध्ये नव्याने आलेल्यांना मी मनापासून मदत करतो. असे असूनही या वेळी सीनियर पदासाठी माझे नाव पुढे आले तेव्हा ‘डिझाइनमध्ये खोली कमी पडते’ एवढाच शेरा मिळाला आणि बढती थांबली.

शेरा कशावरून आला असावा, याचा अंदाज मला आहे. ऑर्डर निश्चित झाली की गोदामाच्या सेवेला आणि ग्राहकाला सूचना पाठवणाऱ्या सेवेला ते कळवायचे, असे काम माझ्याकडे होते. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहायची, ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे होते किंवा काहीच होत नाही असा बदलांचा गट) कमिट म्हणजे कायम करायचे आणि लगेच पुढच्या ओळीत मेसेज क्यूमध्ये (इतर सेवांना जाणाऱ्या मेसेजच्या रांगेत) इव्हेंट, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा मेसेज, टाकायचा, अशी रचना मी मांडली. रिव्ह्यूमध्ये एका वरिष्ठांनी विचारले, ‘कमिट झाले आणि इव्हेंट गेलाच नाही, तर?’ मी म्हणालो, तीन वेळा रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, करू. त्यावर त्यांनी विचारले, ‘आणि रिट्राय होण्याआधीच प्रोसेस बंद पडली, तर?’ (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम.) माझ्याकडे उत्तर नव्हते. बैठक पुढे सरकली, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढे काय करावे, याबद्दल माझा गोंधळ आहे. मायक्रोसर्व्हिसेस (मोठी व्यवस्था छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये विभागणे), काफ्का (मेसेज वाहून नेणारी व्यवस्था), कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी व्यवस्था) यांचे अभ्यासक्रम पूर्ण करावेत, मुलाखतींसाठी सिस्टिम डिझाइनचा सराव करतात तसा सराव करावा, की जिथे मोठ्या प्रमाणावरचे काम मिळेल अशा ठिकाणी नोकरीच बदलावी? या वाटेने पुढे गेलेल्यांनी आपला अनुभव सांगितला तर मला फार मदत होईल.

प्रतिसाद १

तुम्हाला विचारलेला प्रश्न बॅकएंडच्या कामातल्या अगदी मुळाशी असलेला आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. डेटाबेस आणि क्यू या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, आणि दोन्हीकडे एकाच दमात लिहिण्याची सोय तुमच्या कोडकडे नाही. आधी कमिट करून मग इव्हेंट पाठवला, तर मधल्या क्षणी प्रोसेस मेल्यास ऑर्डर आहे पण गोदामाला तिचा पत्ताच नाही, अशी स्थिती होते. क्रम उलटा केला, तर गोदाम अशा ऑर्डरचा माल बांधायला घेते जी डेटाबेसमध्ये कधी लिहिलीच गेली नाही. ती तर अधिक वाईट. रिट्राय कितीही वाढवला तरी ही फट बुजत नाही, कारण रिट्राय करणारी प्रोसेसच नाहीशी झालेली असते.

यावरचा रूढ उपाय असा की इव्हेंट क्यूकडे न पाठवता त्याच डेटाबेसमधल्या एका वेगळ्या टेबलमध्ये, ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा. या टेबलला आउटबॉक्स म्हणतात. एकतर दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही होत नाही. मग एक स्वतंत्र प्रोसेस ते टेबल वाचून इव्हेंट क्यूकडे पोचवते. ती मधेच पडली, तर पुन्हा उठल्यावर उरलेल्या नोंदी पाठवते.

हा उपाय पाठ असल्याने बढती मिळते असे मात्र समजू नका. मला स्वतःला हे ज्या प्रसंगाने शिकवले तो सांगतो. आमची सेवा पैसे घेणाऱ्या दुसऱ्या एका सेवेला कॉल करत असे आणि दोन सेकंदांत उत्तर आले नाही की अयशस्वी समजून पुन्हा प्रयत्न करत असे. एका संध्याकाळी समोरची सेवा मंदावली आणि प्रत्येक कामाला तीन सेकंद घेऊ लागली. आम्ही ज्याला अपयश समजत होतो ते तिकडे पूर्ण होत होते. आमच्या वर असलेला गेटवे (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा थर) रिट्राय करत होता आणि त्याच्याही वर मोबाइल ॲप करत होते. तीन थरांत प्रत्येकी तीन प्रयत्न म्हणजे ग्राहकाच्या एका बोटाच्या स्पर्शामागे जास्तीत जास्त २७ कॉल, आणि तेही आधीच दमलेल्या सेवेवर. कित्येक ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. ते परत करण्यासाठी आम्ही दोन दिवस लॉग वाचत बसलो होतो. ज्या लोकांचे पैसे अडकले होते त्यांचे निरोप वाचताना झालेली कालवाकालव मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापर्यंत माझ्या मनात कॉलचे दोनच निकाल होते, यश आणि अपयश. तिसरा निकाल असतो: काय झाले ते कळले नाही. टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येणे, हा तिसरा निकाल आहे, आणि त्याला अपयश समजणे ही आमची चूक होती. पुढे आम्ही प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक ॲपमध्येच तयार करून तो खालपर्यंत नेला आणि पैसे घेणाऱ्या सेवेच्या टेबलवर त्या क्रमांकाचे युनिक बंधन (एकच क्रमांक दोनदा लिहू न देणारे) घातले, म्हणजे तीच विनंती दहा वेळा आली तरी परिणाम एकदाच. शिवाय रिट्रायचा अधिकार एकाच थराकडे ठेवला, दोन प्रयत्नांमधले अंतर दर वेळी वाढवले आणि सगळे ग्राहक एकाच क्षणी परत येऊ नयेत म्हणून त्या अंतरात थोडी यादृच्छिकता मिसळली.

तुमच्यासाठी एक काम सुचवतो. ऑर्डर आत येण्यापासून ती बाहेर पडेपर्यंतचा तुमचा स्वतःचा कोड समोर घ्या, जिथे जिथे बाहेर काही लिहिले जाते तिथे खूण करा आणि प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये लिहा: इथे प्रोसेस मेली तर मागे काय उरते, ते कोणाच्या लक्षात येते आणि ते दुरुस्त कसे होते. माझा अंदाज असा की पहिल्या पानावरच तुम्हाला तीन-चार ठिकाणी उत्तर सापडणार नाही, आणि पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यास तिथूनच सुरू होईल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. अभ्यासक्रमांबद्दल मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. काफ्का किंवा कुबरनेटीस शिकण्यात गैर काहीच नाही, पण तुम्ही सहा वर्षे पोस्टग्रेसवर उभे आहात. ती जमीन तुम्ही किती खणली आहे, हे आधी पाहा.

उदाहरणार्थ, तुमच्या ट्रान्झॅक्शनची आयसोलेशन पातळी, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग राहतात ती पातळी, कोणती आहे? बदलली नसेल तर पोस्टग्रेसमध्ये ती रीड कमिटेड (इतरांचे फक्त कमिट झालेले बदल दिसतात) असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये ती रिपीटेबल रीड (पुन्हा वाचले तरी आधीचेच दिसते) असते. शेवटची एक वस्तू शिल्लक असताना दोन ग्राहकांनी एकाच क्षणी ऑर्डर दिली, दोन्ही ट्रान्झॅक्शननी साठा वाचला, दोघांनाही ‘एक’ दिसला आणि दोघांनीही ‘शून्य’ लिहिला, तर रीड कमिटेडमध्ये कोणतीही तक्रार न होता एक वस्तू दोघांना विकली जाते. ‘साठा शून्याहून अधिक असेल तरच एक वजा कर’ असे एकच अपडेट लिहून किती रो (टेबलमधल्या ओळी) बदलल्या ते तपासले, तर दुसरे ट्रान्झॅक्शन पहिल्याचे कमिट होईपर्यंत थांबते, अट पुन्हा तपासते आणि शून्य रो बदलल्याचे सांगते. कोड एक-दोन ओळींनीच बदलतो, पण ती ओळ तशीच का हवी हे ज्याला सांगता येते त्याच्या डिझाइनवर लोक विसंबतात.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: व्यवस्थेत एका वेळी सरासरी किती कामे असतात, तर कामे येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाचा सरासरी मुक्काम. तुमच्या सेवेला सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती डेटाबेसचे कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवते असे समजा. २०० गुणिले ०.०५, म्हणजे एका वेळी सरासरी १० कनेक्शन व्यग्र. उद्या एक इंडेक्स (नोंदी लवकर शोधून देणारी सूची) वापरला जाईनासा झाला आणि विनंतीमागची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ५०० मिलिसेकंद घेऊ लागली, की लागणारी कनेक्शन १०० होतात. पोस्टग्रेसची कनेक्शनची मूळ मर्यादा १०० आहे, आणि त्यातलीही काही व्यवस्थापनासाठी राखीव असतात. म्हणजे एक क्वेरी दहापट मंदावली की तिच्याशी काडीचाही संबंध नसलेले एपीआयही बंद पडतात. रात्री अलार्म वाजल्यावर लोक कोड तपासत बसतात, सर्व्हर वाढवतात आणि प्रत्येक नव्या सर्व्हरबरोबर आणखी कनेक्शन मागून परिस्थिती बिघडवतात. हा गुणाकार कागदावर आधी केला असता, तर पूलची (तयार ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याची) मर्यादा, क्वेरीचा टाइमआउट आणि महत्त्वाच्या एपीआयसाठी वेगळा पूल, हे तीनही निर्णय डिझाइनमध्येच आले असते.

मुलाखतीसाठीच्या सरावात यातले फारसे येत नाही. तिथे चौकोन काढून त्यांना बाण जोडले की भागते, कारण ती व्यवस्था दुसऱ्या दिवशी कोणालाच चालवायची नसते. नोकरी बदलायची असेल तर तो सराव जरूर करा, पण त्यातून ही खोली येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रतिसाद ३

मी काही वर्षांपासून बढतीच्या समितीवर असते, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

सर्वप्रथम, ‘खोली कमी पडते’ हा शेरा देणाऱ्याने आपले काम अर्धवट केले आहे. तुमच्या मॅनेजरकडे वेळ मागा आणि विचारा की कोणत्या डिझाइनमध्ये, कोणत्या निर्णयाबाबत हे जाणवले, आणि पुढच्या वेळी काय पाहिले म्हणजे मत बदलेल. उत्तर ठोस मिळाले, तर तुमच्या हाती वर्षभराची दिशा आली. दोन-तीन वेळा विचारूनही उत्तर ढगात राहिले, तर प्रश्न तुमच्या खोलीचा नसून वरच्या जागा मोजक्या असण्याचा असू शकतो, आणि मग नोकरी बदलण्याचा विचार करण्यात काहीही चूक नाही. मी चांगल्या अभियंत्यांना अशा संदिग्ध शेऱ्यांपायी वर्षानुवर्षे स्वतःवर शंका घेताना पाहिले आहे. त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता समितीसमोर कागद येतो तेव्हा आम्ही काय शोधतो ते सांगते. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये निवडलेला मार्ग सगळेच लिहितात. न निवडलेले मार्ग कोणते होते, ते का सोडले, आणि कोणती परिस्थिती बदलली तर हा निर्णय पुन्हा उघडावा लागेल, हे फार थोडे लोक लिहितात. सॉफ्टवेअर अभियंते मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत मला अजूनही सर्वांत सोयीची वाटते: एका निर्णयासाठी एक-दोन पानांची नोंद, तीत संदर्भ, निर्णय आणि त्याचे परिणाम, चांगले तसेच वाईटही, आणि ती नोंद कोडबरोबरच ठेवायची. निर्णय पुढे बदलला तर जुनी नोंद खोडायची नाही. ती रद्द झाल्याचे नमूद करून नवी लिहायची. वर्षभराने मागे वळून पाहिले की आपला अंदाज कुठे चुकला ते तुमच्याच अक्षरात समोर असते.

त्या कागदात आकडेही हवेत. ‘सेवा सतत उपलब्ध असावी’ या वाक्याचा डिझाइनला उपयोग होत नाही. ९९.९ टक्के म्हटले, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे, म्हणजे कोणीतरी झोपेतून उठून दुरुस्ती करू शकते. ९९.९९ टक्के म्हटले, की ती मुभा चार मिनिटांच्या थोडी वर उरते, आणि तेवढ्यात माणसाचा लॅपटॉपही उघडून होत नाही. तिथे दुरुस्ती आपोआप व्हायला हवी, आणि तिचा खर्च कितीतरी अधिक असतो. इतका खर्च कोणत्या एपीआयसाठी योग्य आहे, हे व्यवसायाच्या बाजूच्या लोकांबरोबर बसून ठरवता येणे हा सीनियर पदाच्या कामाचा मोठा भाग आहे.

मायक्रोसर्व्हिसेसबद्दल थोडेसे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले होते की प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागाच्या आत लपवावा. ‘ऑर्डर घेणे’, ‘ऑर्डर तपासणे’, ‘ऑर्डर पाठवणे’ अशा तीन सेवा केल्या आणि ऑर्डरमध्ये एक रकाना वाढवताना तिन्ही एकत्र प्रॉडक्शनमध्ये न्याव्या लागल्या, तर पूर्वी एका प्रोसेसमध्ये होणारी चूक आता नेटवर्कवरून होते, एवढाच फरक पडला. तेव्हा तंत्रज्ञान शिकण्याआधी हा विचार पक्का करा. तो कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही कंपनीत तुमच्याबरोबर येतो.

प्रतिसाद ४

मी थोडक्यात लिहितो. पहिल्या आठ वर्षांत मी पाच नोकऱ्या बदलल्या आणि प्रत्येक वेळी पद आणि पगार दोन्ही वाढले. परंतु मी उभारलेली एकही व्यवस्था तिसऱ्या वर्षात कशी वागते ते मी पाहिले नाही. टेबल दहा कोटी रोंचे झाल्यावर माझ्या स्कीमाचे (टेबलांच्या रचनेचे) काय झाले, माझ्या नंतर आलेल्यांना माझा कोड बदलताना काय त्रास झाला, हे मला कधी कळलेच नाही. सहाव्या नोकरीत मी मुद्दाम चार वर्षे थांबलो. स्वतःच निवडलेल्या प्रायमरी कीचे (प्रत्येक रो ओळखणाऱ्या रकान्याचे) परिणाम दोन वर्षांनी मलाच निस्तरावे लागले, आणि त्या एका कामात जे शिकलो ते आधीच्या आठ वर्षांत शिकलो नव्हतो. तुम्ही सहा वर्षे एकाच सेवेजवळ आहात, ही तुमची कमाई आहे. नोकरी सोडण्याआधी तिच्याकडून सगळे शिकून घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन आठवड्यांत मी प्रतिसाद १ मध्ये सुचवल्याप्रमाणे आमच्या कोडवर खुणा केल्या. एकूण अकरा जागा निघाल्या आणि त्यांपैकी पाच ठिकाणी ‘कोणाच्या लक्षात येते’ या प्रश्नाचे उत्तर ‘ग्राहकाने तक्रार केल्यावर’ असे होते. मॅनेजरशीही बोललो. त्यांनी त्याच रिव्ह्यूचा दाखला दिला, त्यामुळे माझा अंदाज खरा ठरला.

आउटबॉक्सची रचना पुन्हा लिहिली आहे. आउटबॉक्स टेबलला आपोआप वाढणारा क्रमांक आहे. वाचणारी प्रोसेस शेवटी पाठवलेला क्रमांक लक्षात ठेवते, दर सेकंदाला त्याहून मोठ्या क्रमांकाच्या नोंदी वाचते, क्यूकडे पाठवते आणि लक्षात ठेवलेला क्रमांक पुढे नेते. पाठवून झाल्यावर क्रमांक पुढे नेण्याआधी ती पडली, तर तोच इव्हेंट पुन्हा जाईल हे मी गृहीत धरले आहे. म्हणून गोदामाची सेवा इव्हेंटचा क्रमांक युनिक बंधन असलेल्या टेबलमध्ये, साठा कमी करण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहील. सूचनेच्या बाबतीत ईमेल ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही, तेव्हा क्वचित दोनदा जाईल. ते चालेल का हे मी संबंधितांना विचारले आणि त्यांनी होकार दिल्याचे नोंदीत लिहिले आहे. यात काही सुटले आहे का?

प्रतिसाद १

वाचून फार आनंद झाला. ईमेलचा प्रश्न ज्यांचा त्यांना विचारलात आणि उत्तर लिहून ठेवलेत, हे विशेष आवडले.

एक गोष्ट सुटली आहे, आणि ती भल्याभल्यांकडून सुटते. आपोआप वाढणारा क्रमांक नोंद घालताना मिळतो, कमिट करताना नाही. एका ट्रान्झॅक्शनला १०१ मिळाला आणि ते थोडे रेंगाळले. दुसऱ्याला १०२ मिळाला आणि ते आधी कमिट झाले. तुमच्या वाचणाऱ्या प्रोसेसला त्या क्षणी फक्त १०२ दिसतो, ती तो पाठवते आणि १०२ लक्षात ठेवते. मग १०१ कमिट होतो, पण आता कोणी त्याच्याकडे पाहणारच नाही. ऑर्डर आहे आणि गोदामाला पत्ता नाही, म्हणजे ज्या फटीपासून आपण सुरुवात केली तीच पुन्हा उघडली. वर्दळ कमी असताना हे दिसत नाही. वर्दळ वाढली की दिवसाकाठी एखादी ऑर्डर हरवू लागते.

शेवटचा क्रमांक लक्षात ठेवणे सोडा आणि टेबलमध्ये ‘पाठवल्याची वेळ’ असा एक रकाना ठेवा. तो रिकामा असलेल्या नोंदी क्रमांकाने लावून वाचा आणि पाठवून झाल्या की भरा. केवळ रिकाम्या नोंदींपुरता आंशिक इंडेक्स ठेवलात, तर टेबल वाढले तरी वाचन जलद राहील. जुन्या नोंदी ठरावीक काळाने काढून टाका. एकाच ऑर्डरच्या दोन इव्हेंटचा क्रम महत्त्वाचा असेल, तर प्रत्येक ट्रान्झॅक्शनमध्ये आधी ऑर्डरची रो अपडेट करा आणि मग आउटबॉक्समध्ये लिहा, म्हणजे दुसरे ट्रान्झॅक्शन पहिल्याच्या कमिटपर्यंत रोच्या लॉकपाशी थांबेल आणि त्याला क्रमांक नंतरचाच मिळेल. वाचणारी प्रोसेस सुरुवातीला एकच ठेवा. पुढे अनेक लागल्या, तर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने लॉक केलेल्या नोंदी वगळून वाचणे) वापरून त्यांना नोंदी वाटून घेता येतात, पण मग एकाच ऑर्डरचे इव्हेंट दोघींकडे जाऊन क्रम मोडू शकतो, त्यामुळे ऑर्डरच्या क्रमांकावरून वाटणी करावी लागेल.

बदल करण्याआधी आताच्या रचनेवर हे स्वतः घडवून पाहा. दोन टर्मिनलमध्ये डेटाबेस उघडा, दोन्हीकडे ट्रान्झॅक्शन सुरू करा, पहिल्यात नोंद घाला, मग दुसऱ्यात घाला, आणि आधी दुसरे कमिट करा. तुमची प्रोसेस एकदा चालू द्या, मग पहिले कमिट करा आणि क्यूमध्ये किती इव्हेंट आले ते मोजा.